लहान आतड्याचा अडथळा आणि त्याची दुर्मिळ कारणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातलं कुणी पोटदुखी आणि उलट्यांनी दाखल होतं, सीटी स्कॅन होतो आणि कागदावर कधी न ऐकलेलं नाव येतं: गॉलस्टोन इलियस, ककून, अंतर्गत हर्निया. मग त्या नावाचा शोध सुरू होतो. खाली आहेत ते असे शोध घेणाऱ्या नातेवाइकांचे, स्वतः रुग्ण असलेल्यांचे आणि शस्त्रक्रिया शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांचेही प्रश्न. उत्तरं सुटी वाचता येतील अशी ठेवली आहेत. जिथे एक उत्तर दुसऱ्याला लागून आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ज्याला आत्ता त्रास होतोय त्याने आधी प्रश्न ३ वाचावा.

१. लहान आतड्याचा अडथळा म्हणजे नेमकं काय? साध्या गॅसपेक्षा तो ओळखायचा कसा?

लहान आतडं ही साधारण ६ मीटर लांबीची नळी. रोज कित्येक लिटर पाचकरस तिच्यात उतरतात आणि बहुतेक परत शोषले जातात. वाट कुठेतरी बंद झाली की अडथळ्याच्या मागचा भाग या रसांनी आणि हवेने फुगत जातो. आतडं ते पुढे ढकलायला जोर लावतं, म्हणून दुखणं सलग नसतं, कळा येतात: पोट पिळवटून येतं, काही वेळाने ओसरतं, पुन्हा येतं. त्याच्या जोडीला उलट्या, पोट फुगणं, आणि शौच व वारा दोन्ही बंद. अडथळा वरच्या भागात असेल तर उलट्या लवकर आणि खूप होतात, पोट मात्र फारसं फुगत नाही. खालच्या भागात असेल तर पोट आधी फुगतं, उलट्या उशिरा सुरू होतात.

सुरुवातीला एखाद-दोनदा शौचाला होऊ शकतं, कारण अडथळ्याच्या पुढे जे आधीच होतं ते बाहेर पडतं. ‘सकाळी शौचाला झालं, म्हणजे अडथळा नाही’ हा निष्कर्ष अनेकांना महाग पडला आहे.

२. नेहमीची कारणं कोणती, आणि दुर्मिळ कशाला म्हणायचं?

पहिलं कारण अ‍ॅधेशन्स, म्हणजे जुन्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटणं. निम्म्याहून अधिक अडथळे यामुळेच होतात. त्यानंतर बाहेर दिसणारा हर्निया आणि गाठी. या तिघांच्या पलीकडचं जवळपास सगळं दुर्मिळ या सदरात जातं.

पण वय आणि पूर्वेतिहास बदलला की हे गणितही बदलतं. पित्तखड्यामुळे होणारा अडथळा एकूण अडथळ्यांत अगदी थोडा असला, तरी वयोवृद्धांत त्याचा वाटा बराच वाढतो. वजन कमी करण्यासाठी बायपास (जठर-आतड्याची नव्याने जोडणी करणारी शस्त्रक्रिया) झालेल्या माणसात अंतर्गत हर्निया दुर्मिळ मानून चालतच नाही. म्हणून ‘हे किती दुर्मिळ आहे?’ यापेक्षा ‘या माणसात हे किती दुर्मिळ आहे?’ असं विचारणं बरं.

३. कारण अजून कळलेलं नाही आणि डॉक्टर ऑपरेशनचं बोलतायत. आधी कारण शोधायला नको का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

अडथळा दोन प्रकारचा असतो. पहिल्यात वाट बंद असते, पण आतड्याचा रक्तपुरवठा शाबूत असतो. इथे नाकातून पोटात नळी, शिरेतून सलाईन आणि लक्ष ठेवणं यावर काही तास, कधी दोन-तीन दिवसही थांबता येतं. दुसऱ्यात आतड्याबरोबर त्याच्या रक्तवाहिन्याही आवळल्या जातात: पीळ पडतो, पट्ट्याखाली किंवा फटीत वेढा अडकतो. आधी शिरा दबतात, आतडं सुजतं, मग धमन्या बंद पडतात आणि काही तासांत तो भाग मरायला लागतो. मेलेल्या आतड्याला भोक पडलं की जंतुसंसर्ग पोटभर पसरतो.

या दुसऱ्या प्रकारात कारणाचं नाव शोधण्यात गेलेला प्रत्येक तास आतड्याच्या लांबीतून वजा होतो. माझं ठाम मत असं की कारण दुर्मिळ होतं म्हणून रुग्ण गेले, असं क्वचित घडतं. उशीर झाला म्हणून गेले, असं जास्त. शस्त्रक्रियेतली ती जुनी शिकवण, आतड्याच्या अडथळ्यावर सूर्य उगवून मावळता कामा नये, सीटीच्या काळात थोडी सैल झाली आहे. रक्तपुरवठ्याची शंका असेल तिथे मात्र ती आजही तशीच पाळायला हवी.

धोक्याच्या खुणा: कळा जाऊन दुखणं सलग होणं, औषधांना न जुमानणं, ताप, नाडी जलद होणं, पोट हात लावू न देण्याइतकं कडक होणं, रक्तातलं लॅक्टेट किंवा पांढऱ्या पेशी वाढणं. यांतलं एकही नसताना आतडं धोक्यात असू शकतं. म्हणूनच अनुभवी सर्जन एकदा तपासून जात नाहीत, दर काही तासांनी त्याच पोटावर पुन्हा हात ठेवतात.

४. पोटाचं आधी एकही ऑपरेशन झालेलं नाही. मग आतडं अडकलं कसं?

अशा पोटात अडथळा म्हणजे काहीतरी विचित्रच असणार, आणि पोट उघडायलाच हवं, असं पूर्वी शिकवलं जायचं. आता चित्र थोडं बदललं आहे. ऑपरेशन न झालेल्या पोटातही अ‍ॅधेशन्स सापडतात: जुन्या आतल्या सुजेमुळे, किंवा जन्मतः असलेल्या पट्ट्यांमुळे. त्यामुळे रुग्ण स्थिर असेल आणि सीटीत धोका दिसत नसेल तर इथेही थांबून बघता येतं.

तरी दुर्मिळ कारणांचा विचार इथे आधी करायचा: मेकेलची पिशवी (प्रश्न ११), अंतर्गत हर्निया (प्रश्न ८), गाठ, क्षयरोग किंवा क्रोन्समुळे (आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारा आजार) आलेलं आकुंचन (प्रश्न १६), जन्मतः आतड्याची मांडणी चुकलेली असणं. अडथळा आपोआप सुटला तरी तपास तिथे थांबवू नये. सुटलेल्या अडथळ्यामागे छोटी गाठ राहून जाऊ शकते.

५. एक्स-रे झाला होता, तरी सीटी स्कॅन कशासाठी?

एक्स-रे सांगतो की आतडं फुगलंय. सीटी सांगतो कुठे, कशामुळे आणि रक्तपुरवठ्याचं काय. फुगलेला भाग संपून बारीक भाग सुरू होतो ती जागा सर्जनला हवी असते. मूत्रपिंडं परवानगी देत असतील तर शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला स्कॅन जास्त उपयोगी, कारण आतड्याची भिंत रंग घेत नसेल तर तिथे रक्त पोचत नाहीये हे कळतं. रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या फिरलेल्या दिसल्या तर पीळ किंवा अंतर्गत हर्निया. वेढा दोन्ही टोकांना बंद दिसला तर वाट बघायची नसते.

सीटी चुकतोही. स्कॅन नॉर्मल आणि रुग्ण तळमळतोय, अशा वेळी रुग्णावर विश्वास ठेवावा.

६. पित्ताशयातला खडा आतड्यात पोचतो कसा?

पित्तनलिकेतून नाही, एवढा मोठा खडा तिच्यातून मावत नाही. वर्षानुवर्षं सुजलेलं पित्ताशय शेजारच्या ड्युओडेनमला, म्हणजे जठरानंतरच्या लहान आतड्याच्या पहिल्या भागाला, चिकटतं, खडा दाबाने भिंत झिजवतो आणि दोघांमध्ये आरपार वाट तयार होते. तिला फिस्टुला म्हणतात. त्या वाटेने खडा आतड्यात उतरतो. लहान असेल तर शौचावाटे निघून जातो, कुणाला कळतही नाही. साधारण अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर अडकतो, आणि बहुतेक वेळा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, कारण तिथे नळी सर्वांत अरुंद असते.

खडा जागोजागी थांबत, सुटत पुढे सरकतो. त्यामुळे त्रास दोन-चार दिवस येतो-जातो, आणि निदान लांबतं. रिगलर यांनी १९४१ मध्ये या आजाराच्या, म्हणजे गॉलस्टोन इलियसच्या, तीन खुणा एकत्र मांडल्या: फुगलेलं आतडं, पित्तनलिकांमध्ये हवा, आणि नको त्या जागी खडा. एक्स-रेत तिन्ही एकदम क्वचित दिसतात, कारण बरेच खडे एक्स-रेत उमटतच नाहीत. सीटीत मात्र चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं. खडा खाली न जाता ड्युओडेनममध्येच अडकून जठराचं तोंड बंद करतो, त्या प्रकाराला बुव्हेरे सिंड्रोम म्हणतात. तिथे आधी एंडोस्कोपीने प्रयत्न करता येतो.

७. वडिलांच्या आतड्यातला खडा काढला, पण पित्ताशय आणि फिस्टुला तसाच ठेवला. काम अर्धवट सोडलं का?

नाही. बहुधा विचार करूनच तसं केलं असणार. या आजाराचे रुग्ण सहसा वयस्कर, हृदय-मधुमेहाचे, कित्येक दिवस उलट्या होऊन सुकलेले असतात. त्यांना आधी अडथळ्यातून सोडवणं महत्त्वाचं. त्यासाठी खडा अडकलेल्या जागेच्या थोडं वर, निरोगी आतड्यावर लांबीच्या दिशेने छेद घेतात, खडा हलक्या हाताने मागे सरकवून बाहेर काढतात आणि छेद आडवा शिवतात, म्हणजे नळी अरुंद होत नाही. खडा अडकला आहे नेमक्या त्याच जागी छेद घेत नाहीत. तिथली भिंत दाबाने नाजूक झालेली असते.

पित्ताशय काढून फिस्टुला बंद करायचा तर सुजलेल्या, चिकटलेल्या भागात तासन्‌तास काम करावं लागतं. तब्येत चांगली असलेल्या निवडक रुग्णांत एकाच वेळी दोन्ही करतात. इतरांत ते पुढे ढकलतात. पुष्कळदा फिस्टुला आपोआप मिटतो आणि दुसऱ्या ऑपरेशनची गरजच पडत नाही. थोड्यांना पुन्हा खडा अडकतो. म्हणून पहिल्याच वेळी सर्जनने संपूर्ण आतडं हाताने चाचपून दुसरा खडा नाही ना, हे बघायलाच हवं. काढलेल्या खड्याची एखादी बाजू घासून सपाट झालेली असेल तर त्याचा जोडीदार आत असण्याची शक्यता मोठी.

८. ‘अंतर्गत हर्निया’ म्हणजे काय? बाहेर तर कुठेच फुगवटा नाही.

हर्निया म्हणजे फटीतून सरकणं. ती फट पोटाच्या भिंतीतच असायला हवी असं नाही. पोटाच्या आत पडद्यांच्या घड्यांमध्ये जन्मतः कप्पे असतात, किंवा ऑपरेशननंतर फटी राहतात. आतडं त्यांत शिरून अडकतं. जन्मजात प्रकारांत ड्युओडेनमच्या शेजारचा, म्हणजे पॅराड्युओडेनल, हर्निया जास्त आढळतो आणि त्यात डावीकडचा उजवीकडच्यापेक्षा बराच अधिक. अशा माणसांना वर्षानुवर्षं जेवणानंतर पोट दुखण्याचा त्रास असतो आणि ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणून औषधं चालू असतात.

ऑपरेशनमध्ये आतडं बाहेर काढणं आणि फट बंद करणं किंवा ती पूर्ण रुंद करून टाकणं, एवढंच असतं. कठीण असतो तो फटीचा काठ. डाव्या प्रकारात काठावर इन्फिरिअर मेसेंटरिक शीर असते. तिला जपतात, पण आतडं निघतच नसेल तर ती बांधून कापता येते. उजव्या प्रकारात काठावर सुपिरिअर मेसेंटरिक धमनी आणि शीर असते, जवळपास अख्ख्या लहान आतड्याचं रक्त त्यांवर अवलंबून. तिथे काठाला धक्का न लावता मोठ्या आतड्याची उजवी बाजू मोकळी करून कप्पा उलट बाजूने उघडतात. तरुण डॉक्टरांनी हा फरक ऑपरेशन थिएटरमध्ये जाण्याआधीच डोक्यात पक्का करून ठेवावा.

९. वजन कमी करण्यासाठी बायपास झाला आहे. अधूनमधून पोटात कळ येते, पण उलटी नाही. काळजी करावी का?

हो, आणि बायपास झाल्याचं प्रत्येक डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगावं. या ऑपरेशनमध्ये आतड्याची नव्याने जोडणी होते आणि पडद्यांमध्ये फटी तयार होतात. वजन उतरलं की पडद्यातली चरबी घटते, फटी मोठ्या होतात. म्हणून त्रास ऑपरेशननंतर लगेच न येता महिन्यांनी, वर्षांनी येतो. आतड्याच्या वर खेचलेल्या फाट्यामागच्या जागेतून होणाऱ्या हर्नियाला पीटरसनचा हर्निया म्हणतात.

इथली लक्षणं फसवी असतात. पित्त वाहून नेणारा फाटा अन्नाच्या वाटेपासून वेगळा झालेला असतो, त्यामुळे तो फुगला तरी उलटी होईलच असं नाही, आणि नाकातली नळीही त्या फाट्यापर्यंत पोचत नाही. स्कॅन कधी साफ येतो. कळ वारंवार येत असेल तर स्कॅन नॉर्मल असूनही दुर्बिणीतून पोटात बघणं योग्य ठरतं. गरोदरपणात गर्भाशय वाढताना हा धोका वाढतो.

सर्जनांसाठी एक गोष्ट: अशा पोटात वरून शोध घेऊ नका. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्या जागेपासून सुरुवात करून उलटं मागे या. ती जागा बदललेली नसते, त्यामुळे दिशा चुकत नाही.

१०. आजी खूप बारीक आहेत. उलट्या होतायत, आणि त्या सारखं मांडी-गुडघा दुखतो म्हणतात. याचा पोटाशी काही संबंध?

असू शकतो, आणि तो ओळखला तर जीव वाचतो. कमरेच्या हाडात ऑब्च्युरेटर नावाची एक खिडकी असते, चरबीने आणि पडद्याने झाकलेली. वय आणि कृशपणामुळे चरबी गेली की तिच्यातून आतड्याचा छोटा भाग सरकतो. तिथूनच जाणारी नस दबते आणि दुखणं मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत जातं. पाय सरळ केला, आत वळवला की वाढतं, दुमडला की कमी होतं. हा हर्निया खोल असल्यामुळे जांघेत फुगवटा दिसत नाही. बाळंतपणं झालेल्या, वयस्कर, सडपातळ स्त्रियांत तो प्रामुख्याने होतो, आणि संधिवात समजून दुर्लक्ष होतं.

अनेकदा आतड्याच्या भिंतीचा फक्त एक काठ अडकतो, त्यामुळे अडथळा अपुरा राहतो आणि तेवढा भाग मात्र सडतो. सीटीत जांघेपर्यंतचा भाग घेतलेला असावा. शस्त्रक्रियेत आतडं सोडवून खिडकी टाक्यांनी किंवा जाळीने बंद करतात. आतडं सडलेलं असेल तर संसर्गाच्या भीतीने जाळी सहसा टाळतात.

११. ‘मेकेलची पिशवी’ जन्मापासून होती म्हणाले. मग आजच त्रास का?

गर्भात असताना आतडं आणि नाळ यांना जोडणारी एक नळी असते. ती पूर्ण विरघळली नाही तर उरलेला भाग पिशवीसारखा राहतो. योहान फ्रीडरिश मेकेल यांनी १८०९ मध्ये तिचं मूळ उलगडून सांगितलं. साधारण १०० पैकी २ माणसांत ती असते, बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या ६० सेंटिमीटरमध्ये, आणि बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही.

ती बेंबीला दोरीसारख्या पट्ट्याने जोडलेली राहिली असेल तर त्याभोवती आतडं कधीही पिळू शकतं. पिशवी स्वतः आत उलटून आतड्यात शिरू शकते, किंवा सुजून वाट अरुंद करू शकते. पट्टा कापणं आणि पिशवी काढणं हा उपाय. तळ रुंद किंवा सुजलेला असेल तर तेवढं आतडं कापून टोकं जोडतात.

१२. मोठ्या माणसात आतड्यात आतडं शिरलं. हा तर लहान मुलांचा आजार ना?

मुलांत तो बहुतेकदा विशेष कारणाशिवाय होतो आणि गुदद्वारातून हवा किंवा द्रव दाबाने सोडून सुटतो. मोठ्यांत मात्र टोकाला सहसा काहीतरी असतं: पॉलिप, चरबीची गाठ, मेकेलची पिशवी, कधी मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाची पसरलेली गाठ. ते टोक अन्नासारखं पुढे ढकललं जातं आणि आतड्याला ओढून नेतं. म्हणून मोठ्यांत दाबाने सोडवणं हा उपचार नाही. तो भाग काढून तपासायचा असतो. लहान आतड्यात कर्करोगाची शंका नसेल आणि भिंत जिवंत असेल तर आधी हलकेच सोडवून मग कमीत कमी लांबी कापतात. मोठ्या आतड्यात गाठ घातक असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे तिथे न सोडवता सबंध भाग काढतात.

एक अपवाद. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये लहान आतड्यात छोटंसं शिरलेलं दिसलं, त्रास काही नाही, मागचं आतडं फुगलेलं नाही, तर ते बहुधा क्षणिक असतं. त्यासाठी ऑपरेशन लागत नाही.

१३. केसांचा किंवा फळांच्या धाग्यांचा गोळा आतडं अडवू शकतो?

हो. धाग्यांचे गोळे मुख्यतः जठराचं ऑपरेशन झालेल्यांत, दात नसलेल्यांत आणि अन्न नीट न चावणाऱ्यांत होतात. पर्सिमॉन या तेंदूच्या जातीतल्या फळातलं टॅनिन हे तुरट द्रव्य यासाठी कुप्रसिद्ध आहे. केसांचा गोळा केस उपटून गिळण्याच्या सवयीतून, बहुतेक मुली आणि तरुणींमध्ये. जठरातल्या गोळ्याची शेपटी लांबवर आतड्यात उतरलेली असेल तर त्याला रॅपन्झेल सिंड्रोम म्हणतात.

धाग्यांचा गोळा कधी बोटांनी फोडून, दाबत दाबत मोठ्या आतड्यात सोडता येतो, छेदाशिवाय. नाहीच सरकला तर छेद. जठरात दुसरा गोळा आहे का, हे न बघता पोट बंद करू नये. केसांच्या गोळ्यासाठी जठर उघडावंच लागतं. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांची मदत हा उपचाराचाच भाग आहे, आणि त्या मुलीला घरच्यांनी दोष देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती.

१४. मुलाच्या पोटात जंतांचा गोळा आहे. लगेच जंताचं औषध द्यायचं का?

वाट पूर्ण बंद असताना नाही. गोल जंत मोठ्या संख्येने एकमेकांत गुंततात. औषधाने सगळे एकदम लुळे पडले तर अडथळा आणखी पक्का होण्याची भीती असते. नळी, सलाईन आणि निरीक्षणावर बरीच मुलं सुटतात, आणि वाट मोकळी झाल्यावर औषध देतात. पोट कडक झालं किंवा सुधारणा नसेल तर शस्त्रक्रिया: गोळा हाताने मोठ्या आतड्यात सरकवणं, न जमल्यास छेद. आतड्याला पीळ पडला असेल तर प्रश्न ३ मधलंच लागू.

१५. ‘अ‍ॅब्डॉमिनल ककून’ हे नाव ऐकून घाबरलो. कर्करोग आहे का?

नाही. रेशमाच्या कोशासारखा जाड, पांढरट पडदा आतड्याला गुंडाळतो, त्यावरून १९७८ मध्ये हे नाव पडलं. काहींत कारण सापडत नाही. काहींत पोटाचा क्षयरोग, वर्षानुवर्षं केलेलं पोटातून डायलिसिस, किंवा पूर्वी वापरलं जाणारं प्रॅक्टोलॉल हे औषध कारण ठरलं आहे. त्रास महिनोन्‌महिने येतो-जातो, वजन उतरतं, आणि स्कॅनमध्ये सगळं आतडं एका पिशवीत गोळा झालेलं दिसतं.

ही शस्त्रक्रिया संयमाची आहे. पडदा थरथराने सोलायचा, वेढे एकेक करून सुटे करायचे. घाईत आतड्याला भोक पडलं तर नंतर तिथून गळती सुरू होते आणि रुग्ण महिनोन्‌महिने झगडत राहतो. आतडं जिवंत असेल तर ते कापून टाकण्याचा मोह टाळावा. पडद्याचा तुकडा तपासणीला पाठवायचा. क्षयरोग निघाला तर त्याची औषधं पूर्ण मुदत घ्यावीच लागतात. डायलिसिसच्या रुग्णांत पोटातून डायलिसिस थांबवतात, आणि काहींना स्टेरॉइड किंवा टॅमॉक्सिफेनही देतात.

१६. आतडं दोन-तीन ठिकाणी आकुंचलंय. सगळं कापून टाकणार का?

शक्यतो नाही. क्षयरोग किंवा क्रोन्समध्ये जागोजागी अरुंद कडी तयार होतात. सगळ्या कापत गेलं तर आतडं पुरणार नाही. त्यासाठी स्ट्रिक्चरोप्लास्टी: अरुंद जागेवर लांबीच्या दिशेने छेद आणि आडवी शिवण, म्हणजे आतडं न कापता वाट रुंद. क्षयरोगाच्या आकुंचनांसाठी १९७०च्या दशकात रुजलेली ही पद्धत पुढे क्रोन्समध्ये वापरली गेली. भोक पडलेलं असेल, भाग फार सुजलेला असेल किंवा कर्करोगाची शंका असेल तर मात्र कापणंच योग्य.

आणखी दोन कारणं लक्षात ठेवावीत. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्याने आतड्यात आडव्या पातळ पडद्यांसारखी आकुंचनं होतात. बाहेरून ती दिसत नाहीत आणि हाताला लागत नाहीत. तपासणीसाठी गिळलेला कॅमेरा-कॅप्सूल अशा जागी अडकून स्वतःच अडथळा होऊ शकतो. दुसरं, लहान आतड्याची न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची) गाठ: स्वतः इवलीशी, पण शेजारचा पडदा आक्रसून आतडं दुमडून टाकते. अशा गाठी एकापेक्षा जास्त असतात, म्हणून सगळं आतडं बोटांखालून न्यावं लागतं. पाळीच्या वेळीच कळा येणाऱ्या स्त्रीत एंडोमेट्रिओसिसचाही (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर इतरत्र वाढणं) विचार करावा.

१७. दुर्मिळ कारण असूनही ऑपरेशन टळतं, असं कधी होतं?

होतं. रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे आतड्याच्या भिंतीत रक्त साकळून वाट बंद होते. तिथे औषधाचा परिणाम उलटवून वाट बघितली की ते बहुधा जिरून जातं. क्रोन्समधली नुसती सूज औषधांनी उतरते. झपाट्याने वजन घटलेल्यांत महाधमनी आणि सुपिरिअर मेसेंटरिक धमनी यांमधली चरबी जाते, कोन मिटतो आणि मधलं ड्युओडेनम चिमटलं जातं. यालाच विल्कीचा आजार म्हणतात. हा कोन एरवी सुमारे ३८ ते ६५ अंशांचा असतो. अडथळ्याच्या पुढे नळी नेऊन पोषण देत वजन वाढवलं की अनेकांचं भागतं. न भागल्यास ड्युओडेनम पुढच्या आतड्याला जोडून नवी वाट करतात.

अ‍ॅधेशन्ससाठी पाण्यात विरघळणारं रंगद्रव्य पाजून एक्स-रे काढतात. ते २४ तासांत मोठ्या आतड्यात पोचलं तर अडथळा सुटण्याची शक्यता चांगली. रक्तपुरवठा धोक्यात असेल तिथे या चाचणीत वेळ घालवायचा नसतो.

१८. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली. दूध पचलं नसेल का?

हिरवी उलटी म्हणजे पित्त, आणि वेगळं काही सिद्ध होईपर्यंत आतड्याला पीळ. जन्मतः आतड्याची मांडणी चुकलेली असेल तर अख्खं लहान आतडं बारीक देठावर फिरतं. ताबडतोब जिथे बालशल्यचिकित्सा होते तिथे जावं. लॅड यांच्या पद्धतीत पीळ घड्याळाच्या उलट्या दिशेने सोडवतात, पट्टे कापतात, देठ रुंद करतात, लहान आतडं उजवीकडे आणि मोठं डावीकडे ठेवतात, आणि अपेंडिक्स काढतात, कारण ते आता भलत्या जागी असतं. हा दोष कधी मोठेपणीही उघड होतो.

१९. आतडं काळं पडलं होतं म्हणाले. किती कापायचं ते कसं ठरवतात?

आधी पीळ किंवा फास सोडवतात, कोमट ओले कपडे ठेवतात आणि काही मिनिटं थांबतात. रंग गुलाबी होतो का, रक्तवाहिन्यांत ठोका लागतो का, चिमटल्यावर आतडं हालचाल करतं का, हे बघतात. शिरेतून हिरवं रंगद्रव्य देऊन विशेष कॅमेऱ्याने रक्त पोचतंय का, हेही पाहता येतं. नक्की मेलेला भाग कापतात. शंकेचा भाग लांब असेल तर तो ठेवून २४ ते ४८ तासांनी पुन्हा पोट उघडून बघण्याचं ठरवतात. ‘पुन्हा ऑपरेशन’ ऐकून घरचे हादरतात, पण आतडं वाचवण्यासाठी ठरवून घेतलेलं ते पाऊल असतं. रुग्ण फारच अस्थिर असेल तर टोकं लगेच न जोडता स्टोमा करतात, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर उघडतात.

मोठ्यांत लहान आतडं २०० सेंटिमीटरपेक्षा कमी उरलं तर पोषण कठीण होऊ लागतं. शेवटचा भाग गेला असेल तर व्हिटॅमिन बी-१२ बाहेरून द्यावं लागू शकतं.

२०. दुर्बिणीतून का नाही केलं?

एकच पट्टा, मेकेलची पिशवी, बायपासनंतरचा हर्निया यांत दुर्बीण उत्तम. पण फुगलेलं आतडं नाजूक असतं, चिमट्यात फाटतं, आणि पोटात उपकरणं हलवायला जागाच उरत नाही. दुर्बिणीने सुरू करून पोट उघडावं लागलं तर ते अपयश समजू नये. वेळेवर घेतलेला निर्णय समजावा.

२१. घरी जाताना कोणते कागद घ्यायचे, आणि पुन्हा कधी धावत यायचं?

डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्या. तिच्यात कारण, कापलेल्या आणि उरलेल्या आतड्याची लांबी, शेवटचा भाग आणि लहान-मोठ्या आतड्यामधली झडप शाबूत आहे का, आणि काही मुद्दाम ठेवलं असेल तर ते (प्रश्न ७) लिहिलेलं असावं. काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल नंतर येतो. तो आणायला जाण्याची तारीख आत्ताच लिहून ठेवा, हे बऱ्याचदा राहून जातं.

कुठल्याही पोटाच्या ऑपरेशननंतर अ‍ॅधेशन्स होऊ शकतात, त्यामुळे कारण कायमचं गेलं तरी अडथळा पुन्हा येण्याची शक्यता उरते. कळा, उलट्या आणि वारा बंद हे तिन्ही एकत्र आले, किंवा उलटी हिरवी झाली, की रेचक घेऊ नका, काही खाऊ-पिऊ नका, कागदांची पिशवी उचला आणि सीटीची आणि शस्त्रक्रियेची सोय आहे अशा ठिकाणी जा. रात्र असली तरी.